मॅन्युअल मिलिंग की सीएनसी? छोट्या वर्कशॉपमध्ये कोणतं मशीन कधी लागतं

तुमच्या फोनची कडेची चौकट ॲल्युमिनियमची असेल, तर ती बहुधा मिलिंग मशीनवर कापलेली आहे. ॲपलने २००८ मध्ये मॅकबुकची बॉडी ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कोरायला सुरुवात केली आणि पुढे फोनच्या धातूच्या बॉडीही अशाच बनू लागल्या. फोनला घातलेलं शंभर-दीडशे रुपयांचं मऊ कव्हर साच्यात बनतं, पण तो पोलादी साचा कोरायला पुन्हा मिलिंग मशीनच लागतं. म्हणजे तुम्ही कधी वर्कशॉपमध्ये पाऊल टाकलं नसलं, तरी मिलिंग मशीनचं काम रोज तुमच्या खिशात असतं.

मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. पण माझ्या मामांचं कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे आणि इंजिनिअरिंगला असताना माझ्या बऱ्याच सुट्ट्या तिथेच गेल्या. काही वर्षांपूर्वी मामांसमोर एक प्रश्न आला: जुन्या हाताने चालवायच्या मशीनवरच काम चालू ठेवायचं, की कर्ज काढून कॉम्प्युटरवर चालणारं मशीन घ्यायचं? यूट्यूबवर बघितलं तर उत्तर सोपं वाटतं. सीएनसी घ्या, बटण दाबा, पार्ट मोजा. प्रत्यक्षात ते तसं का नाही, हे या लेखात नीट बघू.

मिलिंग म्हणजे नेमकं काय?

लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार स्थिर असतं. कुंभाराच्या चाकावर मडकं फिरतं आणि हात एका जागी असतो, तसंच. म्हणून लेथवर गोल वस्तू होतात. मिलिंगमध्ये उलटं असतं, कटर फिरतो आणि जॉब त्याच्याकडे सरकवला जातो. टेबलाला चिकटवून हँडलने फिरवायची खोबऱ्याची खवणी घरी बघितली असेल. पातं गरगर फिरतं आणि आपण नारळाची वाटी त्यावर हवी तशी सरकवतो. मिलिंग मशीन म्हणजे तीच कल्पना, फक्त नारळाऐवजी बीड किंवा पोलाद, आणि हाताऐवजी भक्कम टेबल.

हे टेबल तीन दिशांना सरकतं. डावी-उजवीकडे म्हणजे एक्स, पुढे-मागे म्हणजे वाय, वर-खाली म्हणजे झेड. (काही मशीनमध्ये वर-खाली टेबल नाही, तर कटर ज्यात बसतो तो स्पिंडल सरकतो.) मॅन्युअल आणि सीएनसी दोन्हींत कापण्याची क्रिया हीच आहे. फरक एवढाच, की या तीन दिशांचे स्क्रू कोण फिरवतं.

मॅन्युअल मशीन: डायल, हँडल आणि मिस्त्री

एचएमटी म्हटलं की आजोबांचं घड्याळ आठवतं. पण एचएमटी म्हणजे हिंदुस्तान मशीन टूल्स. १९५३ मध्ये बंगळूरला ही सरकारी कंपनी सुरू झाली ती मशीन बनवणारी मशीन तयार करायला. घड्याळं १९६१ मध्ये आली. एचएमटीची जुनी मिलिंग मशीन आजही छोट्या वर्कशॉपमध्ये चालू दिसतात. दुसरा ओळखीचा प्रकार म्हणजे वरचं डोकं वळवता येणारं टरेट मिलिंग. अमेरिकेत १९३८ मध्ये आलेल्या ब्रिजपोर्ट मशीनने तो जगभर नेला, आणि त्याच बनावटीच्या मशीनला आपल्या बाजारात 'एम वन टीआर' म्हणतात.

मॅन्युअल मशीनवर प्रत्येक दिशेला एक हँडल आणि त्यावर रेघा मारलेली डायल असते. समजा आतल्या स्क्रूचा पिच ५ मिलिमीटर आहे आणि डायलवर २५० भाग आहेत. मग डायलची एक रेघ म्हणजे ०.०२ मिलिमीटर. डोक्यावरचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणजे एक रेघ केसाच्या जाडीहूनही कमी.

पण डायल खोटं बोलते. जुन्या जीपचं स्टिअरिंग आठवा, थोडं फिरवेपर्यंत चाकं हलतच नाहीत. स्क्रू आणि नट झिजले की मिलिंग मशीनमध्येही तेच होतं, त्याला बॅकलॅश म्हणतात. हँडल उलटं फिरवलं तर डायल सरकते, टेबल मात्र काही काळ जागेवरच. जाणता मिस्त्री म्हणून मापावर नेहमी एकाच बाजूने येतो. पुढे गेला तर पूर्ण एक फेरा मागे घेऊन पुन्हा त्याच बाजूने येतो. ही सवय लागायला महिने जातात.

मामांकडचे मिस्त्री पस्तीस वर्षं मिलिंगवर. मी त्यांना पहिल्यांदा कटरचा वेग कसा ठरवता विचारलं, तर म्हणाले, "पाव्हणं, कटर वरडाय लागला की फीड कमी करायचा, त्यात काय ठरवायचं?" मी वहीतलं सूत्र दाखवलं. कटिंग स्पीडला १००० ने गुणायचं आणि कटरच्या परिघाने भागायचं. साध्या एमएसवर एचएसएसचा १० मिलिमीटरचा कटर आणि मिनिटाला २५ मीटर स्पीड धरला, तर उत्तर येतं साधारण ८०० आरपीएम. चार दातांचा कटर, दर दाताला ०.०५ मिलिमीटर, म्हणजे फीड मिनिटाला १६० मिलिमीटर. मिस्त्रींचं मशीन तेव्हा जवळपास तेवढ्यावरच लावलेलं होतं. सूत्र त्यांना माहीत नव्हतं, उत्तर माहीत होतं.

मॅन्युअल मशीनला एक स्वस्त आणि फार उपयोगी जोड मिळते, ती म्हणजे डीआरओ. प्रत्येक दिशेला एक काचेची पट्टी बसवतात आणि टेबल खरोखर किती सरकलं ते डिजिटल आकड्यांत दिसतं. बऱ्याच पट्ट्या ५ मायक्रॉनपर्यंत वाचतात. हे माप स्क्रूवरून नाही, टेबलावरून घेतलेलं असतं, त्यामुळे बॅकलॅशचा गोंधळ मोजमापातून निघून जातो. हँडल मात्र माणसानेच फिरवायचं. माझ्या मते छोट्या वर्कशॉपने पहिला खर्च करावा तो यावर.

सीएनसी: हँडलच्या जागी सर्व्हो

सीएनसीची सुरुवात हेलिकॉप्टरपासून झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत होते. पात्याचा वक्र आकार तपासायला लागणाऱ्या पट्ट्या हाताने कापताना चुका व्हायच्या. त्यांनी वक्रावरच्या बिंदूंचे आकडे पंचकार्ड यंत्रावर काढले. त्या आकड्यांवर मशीनच चालवलं तर? अमेरिकन हवाई दलाने पैसे दिले, एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेने काम हाती घेतलं आणि १९५२ मध्ये एका मोठ्या सिनसिनाटी मिलिंग मशीनवर ते दाखवलं. आकडे कागदी टेपवरच्या भोकांमध्ये होते. तेव्हा त्याला एनसी म्हणजे न्यूमेरिकल कंट्रोल म्हणत. पुढे टेपची जागा मशीनमधल्या कॉम्प्युटरने घेतली आणि आधी 'सी' लागला.

आज छोट्या वर्कशॉपमध्ये सीएनसी मिलिंग म्हणजे बहुतेक वेळा व्हीएमसी, अर्थात व्हर्टिकल मशीनिंग सेंटर. दारं असलेला मोठा बंद डबा, आत टेबल आणि स्पिंडल, बाजूला हत्यारं आपोआप बदलणारा टूल चेंजर, आणि समोर कंट्रोलरचा स्क्रीन.

आतले दोन फरक महत्त्वाचे. पहिला, साध्या स्क्रूच्या जागी बॉलस्क्रू असतो. स्क्रू आणि नटमध्ये पोलादी गोळ्या फिरतात आणि त्या दाबून बसवलेल्या असतात, त्यामुळे बॅकलॅश जवळपास शून्य. दुसरा, प्रत्येक सर्व्हो मोटरला एन्कोडर असतो. कंट्रोलर सतत विचारत राहतो: सांगितलं होतं तिथे पोचलास का? थोडा फरक दिसला की लगेच दुरुस्त करतो. फरक फार वाढला की अलार्म देऊन थांबतो.

पण हा एन्कोडर सांगतो ती मशीनची जागा. जॉब व्हाइसमध्ये तिरका बसलाय, क्लॅम्प वाटेत आहे, कटरचा दात तुटलाय, यातलं काहीही त्याला कळत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जी-कोड: मशीनची भाषा

थ्रीडी प्रिंटर वापरला असेल तर जी-कोड तुम्ही नकळत वापरलाच आहे. कुळ तेच. खरे प्रोग्रॅम रोमन अक्षरांत असतात, इथे मी उच्चाराप्रमाणे लिहितो. ५० मिलिमीटर रुंदीच्या ठोकळ्यावर २ मिलिमीटर खोल सरळ खाच पाडायची आहे:

टी०१ एम०६
जी२१ जी९० जी५४
एम०३ एस८००
जी०० एक्स-१०.० वाय२५.०
जी४३ एच०१ झेड५०.०
जी०० झेड-२.०
जी०१ एक्स६०.० एफ१६०
जी०० झेड५०.०
एम०५
एम३०

पहिल्या ओळीत एक नंबरचं टूल घे. दुसरीत माप मिलिमीटरमध्ये आहे, सगळे आकडे शून्यापासून मोज, आणि शून्य कुठे ते जी५४ मध्ये साठवलंय. तिसरीत स्पिंडल ८०० वर फिरव. जी०० म्हणजे न कापता जोरात जा, जी०१ म्हणजे सांगितलेल्या फीडने सरळ कापत जा. जी४३ म्हणजे या टूलची लांबी हिशेबात धर. एफ१६० हा वर काढलेलाच फीड, मिनिटाला १६० मिलिमीटर. शेवटी कटर वर घे, थांब, प्रोग्रॅम संपला. गोलाईसाठी जी०२ आणि जी०३ असतात.

प्रोग्रॅमरला हे दहा मिनिटांत कळतं. मलाही कळलं होतं, आणि तिथेच घोटाळा झाला.

एका टिंबाची गोष्ट

मामांनी शेवटी एक वापरलेलं व्हीएमसी घेतलं. दिवाळीच्या सुट्टीत मी गेलो आणि मोठ्या उत्साहात एका पंपाच्या प्लेटचा प्रोग्रॅम हाताने लिहिला. लॅपटॉपवरच्या सिम्युलेटरमध्ये चालवला, सगळं हिरवं. मिस्त्री म्हणाले, "पहिला पीस सिंगल ब्लॉकवर घ्या." म्हणजे एकेक ओळ बटण दाबून पुढे न्यायची. मी म्हणालो, सिम्युलेशन झालंय, कशाला?

एका ओळीत मी झेड५०.० ऐवजी झेड५० लिहिलं होतं. टिंब नाही. काही कंट्रोलरवर, सेटिंगनुसार, टिंब नसलेला आकडा सगळ्यात छोट्या एककात धरला जातो. म्हणजे ५० मिलिमीटर नाही, ५० मायक्रॉन. सिम्युलेटरने ५० मिलिमीटर धरलं म्हणून तिथे काहीच दिसलं नाही. मशीनवर कटर जॉबच्या वर ०.०५ मिलिमीटर उचलला गेला आणि पुढच्या जी०० ला पूर्ण वेगात बाजूला निघाला. वाटेत क्लॅम्प होता.

व्हीएमसीचा जलद वेग मिनिटाला ३० मीटर असू शकतो. म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. १०० मिलिमीटर अंतर ०.२ सेकंदात संपतं, आणि माणसाला दचकून बटण दाबायला साधारण तेवढाच वेळ लागतो. माझा हात लाल बटणापर्यंत पोचेपर्यंत कटर तुटला होता, क्लॅम्पला खाच पडली होती आणि स्पिंडल तपासून घेईपर्यंत मशीन दोन दिवस बंद राहिलं. मामा काहीच बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

मॅन्युअल मशीनवर हीच चूक झाली असती का? होते, पण हळू होते. हँडल हातात असतं, क्लॅम्प डोळ्यांसमोर असतो, कटर टेकल्यावर हाताला जड लागतं. सॉफ्टवेअरमध्ये मी चुकलो तर पुन्हा रन करतो. इथे 'अनडू' नाही. तेव्हापासून माझा पहिला पीस नेहमी सिंगल ब्लॉकवर, जलद वेग अगदी कमी टक्क्यांवर ठेवून आणि एक बोट फीड होल्डवर.

मग मॅन्युअल कशासाठी ठेवायचं?

कोल्हापूरकडे ऊस, साखर कारखाने आणि गुऱ्हाळं. हंगाम सुरू असताना चरकाच्या शाफ्टची की-वे झिजली, तर शेतकरी शाफ्ट टेम्पोत टाकून संध्याकाळी दारात उभा. ड्रॉइंग नाही. शाफ्ट थोडा वाकलेला, वर गंज, माप विचित्र. ऊस तोडून पडलाय, उद्या सकाळी चरक चालू हवा. मिस्त्री शाफ्ट व्ही-ब्लॉकवर बांधतात, डायल इंडिकेटर फिरवून सरळ करतात, जुन्या की-वेच्या समोरच्या बाजूला नवी पाडतात. तासाभरात काम संपलं.

हेच व्हीएमसीवर करायचं तर आधी शाफ्ट आत मावायला हवा. शिवाय चालू असलेल्या बॅचचं सेटिंग मोडावं लागेल, पुन्हा शून्य धरावं लागेल. एका खाचेसाठी कोण करेल? दुरुस्ती, एखादाच नग, जिग-फिक्स्चरचे तुकडे, ओबडधोबड कास्टिंगची पहिली सपाट बाजू काढणं, यात मॅन्युअल मशीन आजही पुढे आहे.

सीएनसी कुठे पुढे, हे तुम्ही ओळखलं असेलच. वळणदार पृष्ठभाग, म्हणजे साचे, इंपेलर, फोनची बॉडी. ती हाताने दोन-तीन हँडल एकाच वेळी फिरवून होत नाहीत. आणि एकसारखे पन्नास, शंभर, पाचशे नग. माणूस चाळिसाव्या नगाला दमतो, मशीन दमत नाही. शिवाय आजकाल बरेच मोठे ग्राहक नुसता पार्ट घेत नाहीत, प्रत्येक नगाच्या मापाचा रिपोर्ट मागतात.

हिशेब: किती नगांनंतर सीएनसी परवडतं?

खालचे आकडे उदाहरणापुरते धरलेत, तुमच्या भागातले टाकून बघा.

एक ब्रॅकेट आहे. मॅन्युअलवर सेटिंगला २० मिनिटं आणि दर नगाला २५ मिनिटं. व्हीएमसीवर प्रोग्रॅम, टूल, सेटिंग आणि पहिला पीस धरून १५० मिनिटं, मग दर नगाला ६ मिनिटं.

एकच नग हवा तर मॅन्युअल ४५ मिनिटं, व्हीएमसी १५६. सात नगांना मॅन्युअल १९५ आणि व्हीएमसी १९२, म्हणजे बरोबरी. दोनशे नगांना मॅन्युअल जवळपास ८४ तास आणि व्हीएमसी साडेबावीस.

सात नगांच्या पुढे सीएनसी, असं वाटतं ना? थांबा. हा झाला वेळेचा हिशेब. तासाचा दर सारखा नसतो. समजा मॅन्युअलचा तास २०० रुपये आणि व्हीएमसीचा ५०० धरला. आता बरोबरी सातव्या नगाला नाही, ३६व्या नगाला होते. पस्तीस नगांपर्यंत जुनं मशीन वेळ जास्त घेऊनही स्वस्त पडतं.

आणखी एक वळण आहे. तीच ऑर्डर दोन महिन्यांनी परत आली तर प्रोग्रॅम तयार असतो, फिक्स्चर तयार असतं. सेटिंग १५० वरून ४० मिनिटांवर आलं असं धरा. मग आठ नगांनाच पैशांची बरोबरी होते. म्हणून वर्कशॉपवाल्याने स्वतःला विचारायचा खरा प्रश्न 'मशीन किती वेगवान आहे' हा नाही. माझ्याकडे तेच काम पुन्हा पुन्हा येतं का, हा आहे. मामांकडे पंपाच्या प्लेटची ऑर्डर दर महिन्याला येत होती. ती नसती तर कर्ज काढू नका, असं मीच म्हणालो असतो.

तासाचा दर जास्त का, तेही बघा. व्हीएमसी काही टन वजनाचं असतं, पक्की फरशी लागते. थ्री फेज वीज, स्टॅबिलायझर, साधारण ६ बार दाबाची कोरडी हवा देणारा कॉम्प्रेसर, टूल होल्डर, कार्बाइड कटर, कूलंट, सर्व्हिस. मशीनच्या किमतीत यातलं पुष्कळसं धरलेलं नसतं. आणि ऑर्डर नसली तरी बँकेचा हप्ता दर महिन्याला ठरल्या तारखेला कापला जातो. जुन्या मशीनचा हप्ता कधीच फिटलेला असतो, ते कापड घालून कोपऱ्यात शांत उभं राहू शकतं.

मिस्त्रींचं काय झालं?

व्हीएमसी आलं त्या आठवड्यात मिस्त्री गप्प होते. पस्तीस वर्षं हँडल फिरवलेल्या माणसासमोर बटणं असलेला डबा येऊन बसला, तर कोणालाही काळजी वाटेल. मामांनी शहरातून एक शिकलेला ऑपरेटर आणला. पोरगा कंट्रोलरवर तरबेज होता. पण पहिल्याच खोल पॉकेटला मशीन किंचाळायला लागलं आणि भिंतीवर लाटा उमटल्या. याला चॅटर म्हणतात, कटर थरथरत कापतो. ऑपरेटरने स्पीड बदलला, फीड बदलला, काही उपयोग नाही.

मिस्त्री लांबून आवाज ऐकत होते. जवळ येऊन म्हणाले, "कटर बाहेर किती सोडलाय बघा की." कटर होल्डरमधून गरजेपेक्षा जवळपास दुप्पट बाहेर होता. इंजिनिअरिंगला हे आम्ही परीक्षेपुरतं शिकलो होतो: एका टोकाला धरलेल्या दांड्याचं वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. लांबी दुप्पट, तर वाकणं आठपट. कटर आत घेतला, आवाज बदलला, भिंत साफ आली.

त्यानंतर कामाची वाटणी आपोआप झाली. जॉब कुठे धरायचा, आधी कोणती बाजू कापायची, पातळ भिंत शेवटी का ठेवायची, हे मिस्त्री ठरवतात. प्रोग्रॅम आणि ऑफसेट ऑपरेटर बघतो. ज्याला दोन्ही येतं त्याला सेटर म्हणतात आणि चांगला सेटर मिळणं फार अवघड आहे. सगळ्याच वर्कशॉपमध्ये असं जुळत नाही, हेही खरं. नुसता जॉब लावणं-काढणं करणाऱ्या माणसाला सीएनसीवर फार काही शिकायला मिळत नाही आणि पगारही फार वाढत नाही.

जुन्या मशीनलाच सीएनसी केलं तर?

हा प्रश्न तुमच्यातल्या आर्डुइनोवाल्यांना आधीच पडला असेल. होतं. ग्रबल नावाचं मुक्त फर्मवेअर आर्डुइनो उनोवर चालतं आणि जी-कोड वाचून तीन स्टेपर मोटर फिरवतं. मोठ्या मशीनसाठी लिनक्ससीएनसी आहे, त्याचं मूळ अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेच्या प्रकल्पात आहे. लाकूड, ॲक्रिलिक, पातळ ॲल्युमिनियम कापणारा छोटा राउटर घरी बनवायचा तर हा उत्तम रस्ता.

पण झिजलेल्या मिलिंग मशीनच्या हँडलला नुसत्या मोटरी लावू नका. स्क्रू जुनाच राहिला तर बॅकलॅशही तसाच राहतो. वर्तुळ कापताना जिथे दिशा बदलते तिथे छोटी पायरी उमटते. सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅशची भरपाई टाकता येते, पण कटर जॉबला स्वतःकडे ओढायला लागला की मोकळं टेबल झटका खातं आणि ते सॉफ्टवेअरला थांबवता येत नाही. आधी बॉलस्क्रू, मग मोटर.

वापरलेलं मशीन बघायला गेलात तर

रंगाकडे बघू नका, जुन्या मशीनला नवा रंग देणं सगळ्यात सोपं. टेबलाला डायल इंडिकेटर लावा. मॅन्युअल असेल तर हँडल एका बाजूने नेऊन उलटं फिरवा आणि टेबल हलायच्या आधी डायलच्या किती रेघा जातात ते मोजा. मधल्या भागात आणि टोकांना, दोन्हीकडे. मधला भाग जास्त वापरलेला, म्हणून जास्त झिजलेला असतो. सीएनसी असेल तर ०.०१ मिलिमीटरच्या पायऱ्यांनी पुढे-मागे न्या आणि काटा तसाच हलतो का बघा. स्पिंडल पूर्ण वेगावर किमान अर्धा तास चालवायला सांगा, मग हात लावून बघा किती तापलाय. कंट्रोलरचे सुटे भाग अजून मिळतात का, हे विकणाऱ्याला नाही, दुरुस्ती करणाऱ्याला विचारा.

एक गंमत. फोनमधल्या लेव्हल ॲपने मशीन पातळीत आहे का बघणारे मी बघितलेत. फोन ०.१ अंशाचा फरक दाखवत असेल, तर तो मीटरला पावणेदोन मिलिमीटर होतो. मशीन बसवताना वापरायची लेव्हल मीटरला ०.०२ मिलिमीटर दाखवते. फोन खिशात ठेवा.

हात सांभाळा

फिरत्या कटरजवळ हातमोजे घालू नका. मोजा अडकला की हात ओढला जातो. लांब बाही, गळ्यातली साखळी, ओढणी, कानातल्या वायर, सगळं बाहेर ठेवा. चिप्स हाताने नाही, ब्रशने काढा, त्या ब्लेडसारख्या धारदार आणि गरम असतात. डोळ्यांना गॉगल. व्हीएमसीच्या दाराला इंटरलॉक असतं, दार उघडलं की मशीन थांबतं. वेळ वाचवायला अनेक ठिकाणी ते वायर जोडून निकामी केलेलं असतं. असं मशीन दिसलं तर चालवायला नकार द्या, मालक नातेवाईक असला तरी.

शिकायचं असेल तर

आयटीआयमधला मशिनिस्ट ट्रेड दोन वर्षांचा असतो आणि त्यात दोन्ही प्रकारची मशीन हाताळायला मिळतात. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथे टूल-डायचे आणि सीएनसीचे कोर्स चालतात. घरी बसून सुरुवात करायची तर लॅपटॉपवर फ्रीकॅड टाका, तो फुकट आहे आणि त्यातून जी-कोडही निघतो. कॅमोटिक्स हा फुकट सिम्युलेटर कटर कसा फिरेल ते दाखवतो. वरच्या दहा ओळी रोमन अक्षरांत टाइप करून त्यात चालवून बघा. मग एका ओळीतलं टिंब काढा आणि पुन्हा चालवा. सिम्युलेटर काय दाखवतो ते बघून ठेवा, आणि पुढे कुठल्याही मशीनसमोर उभे राहिलात की तिथल्या सेटरला पहिल्यांदा हेच विचारा: इथे टिंब नसेल तर काय होतं?